एका जागेसाठी दोन जावा

त्या दिवशी घरातून निघण्यासाठी मी दोन थापा मारल्या. नवऱ्याला आणि थोरल्या जाऊबाईंना म्हटलं, दाढ ठणकतेय, दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन येते. मोठे दीर जिन्यात भेटले, त्यांना म्हटलं, बँकेत जरा काम आहे. दोघे भाऊ दुपारी चहाला एकत्र बसले, तर माझी दाढ आणि बँक यांची गाठ पडणार हे माझ्या ध्यानातही आलं नाही. डोक्यात एकच विचार घोळत होता: माझे काळे बूट कुठे गेले? अख्खी सकाळ मी ते शोधत होते. शेवटी तपकिरी घातले आणि काळ्या कोटाखाली ते इतके विजोड दिसत होते की बसमध्ये मी पाय सीटखाली दडवून बसले.

मी एकोणपन्नास वर्षांची बाई. शिवणकामाच्या कारखान्यात अठरा वर्षं काढली, त्यातली शेवटची सात उत्पादन व्यवस्थापक म्हणून. दोनशे दहा मशिनी, तीन ओळी. कुठल्या मशिनीचा आवाज बदलला हे मला केबिनमध्ये बसून कळायचं. मग मालकांनी कारखाना दूरच्या गावी हलवला आणि आम्ही सगळे मोकळे झालो. मोकळे होऊन मला आठ महिने झाले होते.

आमच्या घरात मोकळी झालेली मी एकटीच नव्हते. थोरल्या जाऊबाई एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगच्या प्रमुख होत्या, बावीस वर्षं. हॉटेल बंद पडून तिथे कचेऱ्या झाल्या आणि त्याही घरी बसल्या. वरच्या मजल्यावर त्या, मधल्यावर आम्ही, खाली सासूबाई. दोन व्यवस्थापक रिकाम्या हाताने एका घरात म्हणजे काय होतं, ते आमच्या कपाटांना विचारा. त्या आठ महिन्यांत मसाल्यांच्या डब्यांची जागा पाच वेळा बदलली. मी त्यांना कामाच्या सोयीने लावायचे, जाऊबाई उंचीप्रमाणे.

नोकरी शोधायला आम्ही दोघींनी सुरुवात केली ती अगदी गाजावाजा करून. पहिल्या मुलाखतीला मला निरोप द्यायला सगळं घर दारात उभं! आणि परत आले तेव्हाही सगळं घर दारात. ‘‘काय झालं?’’ काय व्हायचंय? ‘‘तुमचा अनुभव आमच्या गरजेपेक्षा जास्त आहे,’’ असं एक पोरसवदा साहेब गोड हसून म्हणाला होता. असं पाच वेळा झालं. जाऊबाईंचं सहा वेळा. एकदा तर मी बायोडेटामधून दहा वर्षं चक्क खोडून टाकली. मुलाखतीत त्यांनी विचारलं, ‘‘मग आधीची दहा वर्षं काय केलंत?’’ मी म्हटलं, ‘‘आराम.’’ तिथून मी जी उठले ती थेट घरी.

म्हणून रुग्णालयाची जाहिरात दिसली तेव्हा मी ठरवलं, या वेळी कुणाला म्हणून सांगायचं नाही. मोठं रुग्णालय, पाचशे खाटा, स्वतःची लाँड्री. चादरी, गाऊन, अभ्रे, ऑपरेशनची हिरवी कापडं, या सगळ्याला एक व्यवस्थापक हवा होता. जागा एकच. मी पेपरमधून जाहिरात कापून घेतली. जाऊबाईंनी पेपरातलं भोक पाहून विचारलं, ‘‘हे काय गं धाकटे?’’ मी म्हटलं, ‘‘आईंच्या गोळ्यांची पुडी बांधली.’’ त्यांनी मान डोलावली. नंतर कळलं, त्यांनी ती जाहिरात आदल्या रात्रीच फोनवर वाचली होती आणि अर्जही करून मोकळ्या झाल्या होत्या.

सांगितलं मात्र मी एका माणसाला. सासूबाईंना. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. आता अठ्ठ्याहत्तर वय, पण समोरचा माणूस पाठ ताठ करून बसतो अजून. मला सराव हवा होता, आणि प्रश्न विचारायला त्यांच्यासारखं दुसरं कोण? रोज चार वाजता जाऊबाई फिरायला गेल्या की मी खाली जायचे. आई चष्मा लावायच्या, वही उघडायच्या आणि म्हणायच्या, ‘‘हं. उमेदवार, बसा.’’

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘‘तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?’’

मी म्हटलं, ‘‘मी फार मेहनत करते.’’

‘‘शून्य मार्क,’’ आई म्हणाल्या. ‘‘हे उत्तर ऐकून भिंतसुद्धा जांभई देईल. लिहून घे. ‘दुसऱ्याने घातलेली घडी मला बघवत नाही. मी ती मोडते आणि पुन्हा घालते. आता वयाने शिकले आहे, की आधी त्याला विचारावं, तू अशी का घातलीस?’’’

काय उत्तर होतं! मी म्हटलं, ‘‘आई, हे तुम्हाला सुचलं?’’ त्या चष्मा पुसत म्हणाल्या, ‘‘आदर्श उत्तर आहे. पाठ कर.’’ मी पाठ केलं.

आणखी एक प्रश्न होता, अडचणीच्या वेळी काय करता? त्याचं उत्तर माझं माझंच होतं. मी म्हटलं, ‘‘आधी घोटभर पाणी पिते. मग विचारते, चालू काय आहे? काय बंद पडलंय ते सगळे ओरडून सांगतच असतात.’’ आईंनी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मला वाटलं, कौतुकाने!

तर, मुलाखतीचा दिवस. रुग्णालयाच्या दुसऱ्या मजल्यावर लांब बोळ, भिंतीला टेकून खुर्च्या. दोन खुर्च्यांवर माणसं होती. एक टाय लावलेले गृहस्थ, मांडीवर फायलींचा ढीग. आणि एक बाई, तोंडासमोर रुग्णालयाचं माहितीपत्रक इतकं जवळ धरलेलं की नाक कागदाला टेकलेलं. मी बसले. सहज खाली नजर गेली.

माझे काळे बूट.

बूट माझे, पाय दुसऱ्याचे. आमच्या दोघींच्या पायांचं माप एक आहे, हे सगळ्या घराला ठाऊक. मी हळूच म्हटलं, ‘‘जाऊबाई.’’

माहितीपत्रक हललं नाही.

‘‘जाऊबाई, तुम्ही तर मैत्रिणीकडे गेला होतात ना? तीन थांबे पलीकडे?’’

पत्रकामागून आवाज आला, ‘‘तुझी दाढ कशी आहे?’’

‘‘बरी आहे. मैत्रीण?’’

‘‘तीही बरी आहे.’’ पत्रक हळूहळू खाली आलं. ओठ घट्ट मिटलेले, नाकपुड्या फुललेल्या. मी ओळखलं, आता काही खरं नाही. जाऊबाई चारचौघांत कधी हसत नाहीत आणि हसायला लागल्या की आवरत नाहीत. त्यांच्या घशातून कुकरची शिटी व्हावी तसा एक बारीक आवाज निघाला आणि माझा बांध फुटला. आम्ही हसलो. पोट धरून, डोळे पुसत, एकमेकींच्या खांद्यावर आपटत. जरा थांबलो की त्या माझ्या तपकिरी बुटांकडे बघायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. एक नर्स दारातून ‘‘शू!’’ करून गेली. टायवाले गृहस्थ फायली उचलून चार खुर्च्या पलीकडे जाऊन बसले.

हसू ओसरल्यावर मात्र जाऊबाईंनी पर्स उचलली. ‘‘मी निघते. तू दे मुलाखत.’’

‘‘तुम्ही गेलात तर मीही येते.’’

‘‘वेडेपणा करू नकोस.’’

‘‘मग बसा. नाहीतर कोण जिंकलं, कोणी सोडलं, हे आपण जन्मभर मनात ठेवू.’’

त्या बसल्या. पर्सची चेन दोनदा उघडली, दोनदा लावली. मग म्हणाल्या, ‘‘एक कबूल कर. मुद्दाम हरायचं नाही. दोघींनी जीव ओतून द्यायची. मी मिळवलं तर तू तोंड वाकडं करायचं नाहीस, तू मिळवलंस तर मी नाही.’’

‘‘कबूल.’’

आधी टायवाले गेले. मग जाऊबाई. चांगल्या चाळीस मिनिटांनी बाहेर आल्या, गाल लाल. माझं नाव पुकारलं गेल्याने बोलायला वेळच मिळाला नाही.

आत तिघे होते. मधोमध रुग्णालयाच्या प्रशासक बाई, आखूड पांढरे केस. डावीकडे मेट्रन, म्हणजे सगळ्या परिचारिकांच्या प्रमुख, चेहरा इस्त्री केल्यासारखा. उजवीकडे नोकरभरतीचे साहेब, हातात पाण्याचा ग्लास. सुरुवात झकास झाली. मी या वेळी एक वर्षही खोडलं नव्हतं. अठराच्या अठरा वर्षं टेबलावर ठेवली आणि गंमत म्हणजे त्यांना ती हवी होती. मशिनींबद्दल विचारलं, माणसांबद्दल विचारलं, संप झाला तेव्हा मी काय केलं ते विचारलं.

मग साहेबांनी विचारलं, ‘‘तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता वाटतो?’’

मी मनात आईंना नमस्कार केला आणि सुरू केलं, ‘‘दुसऱ्याने घातलेली घडी मला बघवत नाही.’’

साहेबांचा ग्लास ओठाशी थांबला.

‘‘मी ती मोडते आणि पुन्हा घालते. आता वयाने शिकले आहे...’’

‘‘की आधी त्याला विचारावं, तू अशी का घातलीस,’’ मेट्रन म्हणाल्या.

तिघे एकमेकांकडे बघत होते. प्रशासक बाई फार शांतपणे म्हणाल्या, ‘‘आणि अडचणीच्या वेळी तुम्ही आधी घोटभर पाणी पिता का हो?’’

साहेबांना ठसका लागला. पाणी टायवर, कागदांवर, सगळीकडे. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सकाळी अकरा वाजता मी भाजी आणायला जाते तेव्हा जाऊबाई खाली असतात! आईंचे पाय चेपायला म्हणून! आईंनी एकीचं चांगलं उत्तर उचलून दुसरीला लिहून दिलं होतं. घडीचं उत्तर जाऊबाईंचं होतं, पाण्याचं माझं, आणि वहीतल्या त्या दोन रेघा कौतुकाच्या नव्हत्याच.

‘‘आमची सासू,’’ मी म्हटलं. पुढचं वाक्य बोलताच येईना, कारण हसू पुन्हा गळ्याशी आलं होतं.

जाऊबाईंना आत बोलावलं. प्रशासक बाईंनी विचारलं, ‘‘तुम्ही दोघी एकमेकींना ओळखता?’’ जाऊबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘अठ्ठावीस वर्षं. पण आज पहिल्यांदाच भेटलो,’’ आणि मग मी काय झालं ते सांगितलं, तशी त्यांनी कपाळावर हात मारला. ‘‘आई!’’ आम्ही दोघी एकदम ओरडलो.

मेट्रनना पटेना. ‘‘फोन लावा त्यांना,’’ त्या म्हणाल्या. लावला. फोन टेबलावर, आवाज मोठा.

‘‘दोघी पास झाल्या का?’’ आईंनी पहिलाच प्रश्न टाकला.

‘‘मी रुग्णालयाची प्रशासक बोलतेय. या दोघींनी एकसारखी उत्तरं दिली. ही नक्कल म्हणायची का?’’

‘‘मुळीच नाही,’’ आई कडाडल्या. ‘‘माझ्या हाताखाली छत्तीस वर्षांत कुणी नक्कल केलेली नाही. आदर्श उत्तर शिक्षक सांगतो आणि विद्यार्थी लिहितो. दोघींनी एकमेकींना सांगू नका म्हणून मला शपथा घातल्या. दोन आठवडे मी तोंड दाबून बसलेय, माझी काय अवस्था झाली असेल? आणि तुम्ही जरा स्पष्ट बोला. शेवटची अक्षरं गिळता.’’

प्रशासक बाई नकळत ताठ बसल्या. मग त्या हसल्या. आधी खांदे हलले, मग आवाज आला. साहेब तर आधीच हसून बेजार झाले होते. मेट्रनचा चेहरा तेवढा जागच्या जागी, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

‘‘पुरे,’’ शेवटी मेट्रन म्हणाल्या. ‘‘पाठ केलेली उत्तरं झाली. आता खाली चला. माझ्या वॉर्डांना रोज चादरी कमी पडतात. रोज! का, ते सांगा.’’

तळघरात लाँड्री. वाफ, गरम सुताचा वास, आणि गडगडणाऱ्या मशिनी. दार उघडलं आणि माझ्या अंगातून वीज गेली. आठ महिन्यांनी मशिनींचा आवाज ऐकत होते! चौथ्या मशिनीचा पट्टा घासत होता. मी धावलेच. जाऊबाई मला विसरल्या, मी त्यांना विसरले. त्या मेट्रनना घेऊन वर वॉर्डांत गेल्या, मी इस्त्रीच्या रोलरपासून घड्यांच्या टेबलापर्यंत पावलं मोजू लागले. तिथल्या इस्त्रीवाल्या मावशींना विचारलं, ‘‘टेबल इतकं लांब का?’’ त्या म्हणाल्या, ‘‘पंख्याखाली आहे म्हणून. दुसरा पंखा कोणी दिलाच नाही.’’ एक गाडीभर फाटक्या चादरी टाकून द्यायला ठेवल्या होत्या. उचलून पाहिल्या, तर बहुतेक फक्त कडेला उसवलेल्या. आणि पलीकडच्या कोठीत, खोक्यांमागे, कापडाखाली झाकलेल्या तीन शिवणमशिनी. मी एकीचं चाक फिरवलं. फिरलं!

तासाभराने जाऊबाई खाली आल्या, केस विस्कटलेले, हातात चादरींचा गठ्ठा. मागे मेट्रन.

‘‘चादरी हरवत नाहीत,’’ जाऊबाई म्हणाल्या. ‘‘लपवतात. प्रत्येक वॉर्डात एक कपाट आहे. उद्या चादरींची गाडी वेळेवर येईल याची खात्री नाही, म्हणून नर्स साठवून ठेवतात. मीही तेच केलं असतं. गाडीची वेळ पक्की करा, कपाटं आपोआप रिकामी होतील.’’

‘‘आणि उसवलेल्या टाकू नका,’’ मी म्हटलं. ‘‘तीन मशिनी झोपल्यात इथे.’’

‘‘आधी गाडी,’’ जाऊबाई म्हणाल्या.

‘‘आधी शिवण. चादरी असतील तर गाडी.’’

‘‘गाडीच नसेल तर शिवलेल्या चादरी काय चालत वर जाणार?’’

आम्ही तिथेच, मसाल्याच्या डब्यांवरून भांडतो तशा भांडलो. इस्त्रीवाल्या मावशी हात थांबवून ऐकत होत्या. प्रशासक बाई भराभर लिहून घेत होत्या.

चार दिवसांनी पत्र आलं. जागा जाऊबाईंना.

तोंड वाकडं करायचं नाही असं कबूल केलं होतं, म्हणून मी केलं नाही. त्यांना मिठी मारली, आईंना सांगायला खाली धावले, आणि मग गच्चीत कपडे वाळत घालायच्या निमित्ताने जाऊन दहा मिनिटं रडले. खोटं कशाला सांगू? कडकडून रडले. त्यांच्यावर राग नव्हता. त्या मशिनीचं चाक हाताला लागलं होतं ना, ते सुटेना. डोळे पुसता पुसता मला वाटलं, अरे, आपण रडतोय ते व्यवस्थापकाच्या जागेसाठी नाहीच. त्या कोठीसाठी रडतोय.

मी कपडे अर्धे तसेच सोडून खाली आले आणि कागद घेतला. दिवसाला किती चादरी उसवतात, तीन मशिनींवर तीन माणसं किती शिवतील, गाऊनच्या नाड्या, अभ्र्यांची तोंडं, ऑपरेशनच्या कापडांचे काठ, सगळं एका पानावर. वर लिहिलं: ‘दुरुस्ती विभाग’. असा विभाग त्या रुग्णालयात नव्हता, त्याची जाहिरात कुठल्याही पेपरात येणार नव्हती. खाली लिहिलं: ‘विभागप्रमुख म्हणून मी काम करायला तयार आहे.’ अठरा वर्षांत मी लोकांना जागा दिल्या. स्वतःसाठी जागा कधी बनवली नव्हती.

प्रशासक बाईंनी पान वाचायला घेतलं. पुन्हा वाचलं. ‘‘सहा महिने करून बघू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण एक अडचण आहे. हा विभाग लाँड्रीच्या हाताखाली येईल. म्हणजे तुमच्या वरिष्ठ...’’

‘‘माहीत आहे,’’ मी म्हटलं. ‘‘घरी थोरल्या, तिथेही थोरल्या.’’

घरी आले तर जाऊबाई दारातच. त्यांना फोन आला होता. ‘‘कामावर मला जाऊबाई म्हणायचं नाही,’’ त्या म्हणाल्या.

‘‘मग काय, मॅडम?’’

त्यांनी दोन सेकंद विचार केला आणि कुकरची शिटी सुरू झाली. आम्ही जिन्यातच बसलो. मोठे दीर वरून डोकावले, आमचे हे खालून आले आणि दोघांनी एकमेकांकडे बघून खांदे उडवले.

आता आम्हाला तिथे दोन महिने झाले. पहिल्या आठवड्यात एका चादरीला मधोमध मोठं भोक होतं. पांढरं कापड संपलेलं, म्हणून मी मुलांच्या वॉर्डच्या जुन्या पडद्याचं ठिगळ लावलं. त्यावर पिवळी बदकं. जाऊबाईंनी बघितलं, म्हणाल्या, ‘‘मुलांच्या वॉर्डात पाठवू,’’ आणि गाडीत ठेवताना गठ्ठ्यांची अदलाबदल झाली.

दुसऱ्या दिवशी मेट्रन स्वतः तळघरात उतरल्या. मशिनी चालू होत्या, तरी त्यांच्या बुटांचा आवाज ऐकू आला. त्या दारात उभ्या राहिल्या, चेहरा तोच, इस्त्री केलेला.

‘‘पुरुषांच्या वॉर्डात, हाड मोडलेल्या पंचाहत्तर वर्षांच्या आजोबांच्या खाटेवर बदकं कशी आली?’’

मी जाऊबाईंकडे बोट दाखवलं. जाऊबाईंनी माझ्याकडे.

मेट्रननी आम्हाला नीट पाहून घेतलं, एकेकीला. मग दार मागे लावलं, आवाज खाली आणला आणि म्हणाल्या, ‘‘अजून चार मिळतील का? बाकीचे म्हातारे ऐकत नाहीत. आम्हालाच का नाही म्हणून सकाळपासून भांडतायत.’’